तडा गेलेलं शिसव



वाद्य बनवणाऱ्यांच्या संमेलनात अध्यक्षानं नादावर बोलायची रीत आहे. मी आज फुटलेल्या लाकडावर बोलणार आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या माळ्यावर ते पडून असतं आणि चारचौघांत त्याचं नाव कोणी काढत नाही.

गिऱ्हाईक गिटारची पाठ डोळ्यांनी निवडतं. त्याला भोवऱ्यांचं शिसव हवं, लाटा उठलेलं मॅपल हवं. ही नक्षी येते कुठून? बहुधा फांदी फुटते त्या जागेतून, मुळालगतच्या बुंध्यातून, गाठीतून. म्हणजे जिथे तंतू सरळ नसतात तिथून. वाळताना लाकूड वर्षवलयांच्या रेषेत जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. सरळ तंतूंच्या, नीट चिरलेल्या फळीत ही ओढाताण निभून जाते. नक्षीच्या फळीत तंतू वाटेल तसे वळलेले, मग ती फाटते. ज्या गुणासाठी आपण जादा पैसे मोजतो, त्याच्याबरोबर भेग येणारच.

फळी टाकून देण्याआधी तिच्यावर पाठीचा साचा ठेवून बघा. लाकडाची ओल टोकांतून फार लवकर उडते, म्हणून बहुतेक भेगा टोकाशीच सुरू होतात. आणि टोकाचं, कमरेजवळचं बरंच लाकूड तसंही कापून जातं. साचा दोन बोटं सरकवला की कित्येकदा प्रश्न तिथेच मिटतो. मात्र डोळ्याला दिसते तिथे भेग संपत नाही. स्पिरिटचा बोळा फिरवा. बाकीची फळी सुकते, भेगेची रेघ ओली राहते, आणि तिचं खरं टोक सापडतं.

आता जिथे सगळे घाई करतात ती गोष्ट. जुलैत कोकणात हीच भेग मिटलेली दिसते. त्या हवेत चिकटवलेली पाठ एप्रिलमध्ये पुण्याला आली, की दुपारच्या कोरड्या हवेत शेजारीच नवी उकलते. खोलीतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास धरा, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून काही आठवडे त्या नुसत्या पडू द्या. भेग किती उघडायची ते तिला ठरवू द्या. एवढा धीर नसेल तर महागातला डिंकही कामाचा नाही.

केसासारखी भेग असेल तर पातळ सायनोॲक्रिलेट डिंक आपोआप आत ओढला जातो. गरम सरसही चालतो. शिसव तेलकट, म्हणून आधी ॲसिटोननं पुसावं. भेग उघडी राहिली असेल तर क्लॅम्प आवळून ती मिटवू नका. तो ताण लाकडात दबून राहतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. त्याच फळीची बारीक चीप काढा, तंतू जुळवा, बसवा. शिसवाचा भुसा डिंकात कालवून भरला की काम झकास दिसतं, पण ताकद शून्य. आतून, भेगेला आडव्या तंतूंची लहान, कडा घासून निमुळती केलेली ठिगळं लावा. मोठं ठिगळ नको. ते पाठीला मोकळेपणानं आकसू देत नाही.

बाजूच्या पट्ट्यांबाबत मात्र मी कर्मठ आहे. वाकवताना लागणाऱ्या उष्णतेत हे डिंक मऊ पडतात. भेगाळलेली पट्टी घेऊच नये.

सांधलेल्या पाठीचा आवाज कमी प्रतीचा, हा आक्षेप मला माहीत आहे. १८६२ मध्ये स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बांधली होती. वरची फळी काय करू शकते ते त्यांना दाखवायचं होतं. पाठीला काहीच काम नसतं असं मी म्हणणार नाही. पण नीट सांधलेली भेग कानाला ओळखू येते, असं छातीठोक सांगणाऱ्याला मी डोळे बांधून ऐकायला बसवीन.

हे आज बोलायचं कारण जंगलात आहे. ब्राझीलच्या रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून जवळपास बंदी आहे. आपल्या सह्याद्रीतलं शिसवही २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे; २०१९ च्या सवलतीनं तयार वाद्यं मोकळी झाली, लाकूड नाही. कॅमेरूनमध्ये पूर्ण काळा नसलेला एबनी तोडून जंगलातच टाकत, ते फक्त आपल्या डोळ्यांच्या हट्टापायी. २०११ मध्ये गिटार बनवणाऱ्या टेलर कंपनीनं तिथली गिरणी भागीदारीत घेतली आणि पट्ट्यापट्ट्यांचा एबनी विकायला काढला. गिऱ्हाइकांनी तो घेतला. आपल्याकडे तंबोरे घडवणाऱ्या मिरजेत तरी भोपळ्याला तडा गेला म्हणून तंबोरा कोण फेकून देतं?

माझं भांडण आहे ते लपवण्याशी. काळ्या मेणानं भेग बुजवून, वर चकचकीत पॉलिश मारून निर्दोष म्हणून विकणं ही फसवणूक आहे, मग सांधा कितीही पक्का असो. दुपारच्या सत्रात मी ठराव मांडतो आहे: सांधलेल्या प्रत्येक वाद्यासोबत भेगेची जागा, लांबी, वापरलेला डिंक आणि सांधण्याआधीचं छायाचित्र द्यावं. किंमत त्यामुळे उतरेल, असं काही सभासद म्हणतात. सुरुवातीला उतरेलही. त्यांनी जेवणानंतर निघून न जाता विरोधात बोलावं.