कोणी न सांगता

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



'स्वतःचे नेतृत्व' हा विषय चिटणिसांनी आम्हांस दिला, तेव्हा प्रथम आम्ही थोडे घोटाळ्यात पडलो. दुसऱ्यांचे नेतृत्व करावयास आपल्या समाजात माणसांची वाण कधीच पडलेली नाही. कार्यकारिणीच्या निवडणुकीचे दिवस आठवावेत. परंतु ज्यास कोणी नेमले नाही, ज्याच्यामागे मते नाहीत, अशा मनुष्याने आपण होऊन एखादे काम शिरावर घ्यावे आणि तडीस न्यावे, हा प्रकार विरळा. त्याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ते याच बुलढाण्याचे आहे.

ताराबाई शिंदे यांचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी ऐकले असेल. त्यांचे पुस्तक किती जणांनी वाचले असेल याविषयी मात्र आम्हांस शंका आहे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे. या भागात मुलींची शाळा नव्हती. म्हणून बापूजींनी आपल्या एकुलत्या एक कन्येस घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. पुढे लग्न झाले, पण जावई घरी राहावयास आल्यामुळे ताराबाईंस माहेर सोडावे लागले नाही. मराठा घराण्यातील रीतिरिवाजांचा बंदिवास मात्र सुटला नव्हता. आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी तो स्वतःच बोलून दाखविला आहे.

सन १८८१ मध्ये सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला व तिला फाशीची शिक्षा सांगण्यात आली. पुढे अपिलात फाशी टळून हद्दपारीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांना तेवढे निमित्त पुरले. स्त्रिया बिघडल्या, शिक्षणाने त्या अधिकच बिघडतील, असा सूर पुण्याच्या 'पुणे वैभव'सारख्या पत्रांतून निघू लागला. वास्तविक सुरत कोठे आणि बुलढाणा कोठे! वऱ्हाडातील एका गृहिणीस त्या खटल्याशी काय कर्तव्य होते? कोणी तिचे मत विचारले नव्हते. कोणत्याही सभेने तिच्याकडे ठराव पाठविला नव्हता.

तरीही त्यांनी लेखणी उचलली. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे सुमारे पन्नास पानांचे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यात त्यांनी केवळ विधवांची कड घेतली असती तर ते त्या काळच्या इतर सुधारकी लेखनात जमा झाले असते. परंतु त्यांनी प्रश्नच उलटा फिरविला. जे जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते ते पुरुषांच्या अंगी आहेत की नाहीत, हे त्यांनी एकेक करून तपासले. विधवेस आडमार्गाला लावणारा पुरुष कोठे असतो, तो कोणत्या कोर्टात उभा राहतो, असा त्यांचा रोख आहे. भाषा घरातली, रोखठोक आणि जागोजाग चिमटे काढणारी. सभ्यपणाच्या नावाखाली मिळमिळीत लिहिणे त्यांना साधले नाही, हे फार चांगले झाले.

येथे कित्येक जण म्हणतील, 'असा बाप लाभला म्हणून हे झाले.' हे म्हणणे निम्मे खरे आहे. बापूजींनी अक्षर दिले नसते तर लेखणी हाती आलीच नसती. जे वडील आज मुलीच्या शिक्षणाचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून हात आखडतात, त्यांनी या निम्म्या भागाचा विचार जरूर करावा. परंतु उरलेला निम्मा भाग ताराबाईंचा स्वतःचा आहे. शिकणे एक आणि शिकलेल्याचा उपयोग कोठे करावयाचा हे आपले आपण ठरविणे दुसरे. आपल्या घरांतून पदवी घेतलेली मुले-मुली पुष्कळ आहेत, पण पुढचे पाऊल मंडळाने सांगावे, मामांनी सांगावे, नाही तर जाहिरातीने सांगावे, अशी त्यांची वाट पाहण्याची वृत्ती आम्हांस दिसते. मंडळ फार तर अर्ज भरून देईल. काय व्हावयाचे आहे, हे त्या अर्जात लिहावयाचे ते कोणी भरून द्यावयाचे?

आता ही कथा गोड शेवटाची नाही, तेही सांगितले पाहिजे. पुस्तकावर टीका झाली, उपहास झाला. जोतीरावांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू उचलून धरली आणि त्यांचा उल्लेख 'चिरंजीविनी' असा आपुलकीने केला. बाकी शांतताच. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेले नाही. ते पहिलेही विस्मृतीत गेले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा महाराष्ट्रास त्यांची नव्याने ओळख झाली. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांनी इंग्रजी भाषांतर केल्यावर ते परदेशांतील विद्यापीठांतही अभ्यासले जाऊ लागले. त्र्याण्णव वर्षे! पुढाकार घेणाऱ्यास टाळ्या मिळतातच असे जे हल्ली व्याख्यानांतून सांगितले जाते, ते आम्हांस सांगवत नाही.

पण त्या मौनाचा दोष ताराबाईंकडे जात नाही. एका व्यक्तीने पाऊल उचलल्यावर शेजारच्या दहा जणांनी काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. त्या वेळी उत्तर देणारे एक जोतीराव निघाले. त्याच जोतीरावांचे चरित्र पुढे १९२७ साली पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिले आणि ते आपल्याच जिल्ह्यातील चिखलीहून प्रसिद्ध झाले, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. तेही कोणी सोपविलेले काम नव्हते. घरातील सुनेने परीक्षेस बसण्याचे मनात आणले, मुलीने परगावी राहून शिकावयाचे म्हटले, किंवा मुलाने वडिलोपार्जित शेतीत काही निराळे करावयाचे ठरविले, तर 'हे तुला कोणी सांगितले?' हा आपला पहिला प्रश्न असतो. 'कोणीच नाही' हे त्याचे उत्तर ऐकून आपण चिडतो. वस्तुतः ते ऐकून आनंद व्हावयास हवा.

चिटणिसांकडे आम्ही एक विनंती केली आहे व त्यांनी ती मान्य केली आहे. 'स्त्री-पुरुष तुलना'च्या काही प्रती मंडळाच्या वाचनालयात ठेवण्यात येतील. पुस्तक लहान आहे. रात्री जेवणे झाल्यावर घरात मोठ्याने वाचले तर दोन-तीन बैठकांत पुरे होते. ज्या मुलीस ते घरी न्यावयाचे असेल, तिने वडिलांची चिठ्ठी आणण्याचे कारण नाही.