शुश्रूषागृह कसे पारखावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी पाककृतींवर बोलते, कोणी बचतीवर बोलते. मी मात्र आज निराळाच विषय मागून घेतला आहे. घरातले माणूस अंथरुणाला खिळले, त्याचे करणे घरात निभेना, आणि त्याला काही महिने शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ आली, तर ते ठिकाण चांगले की वाईट हे आपण ओळखावे कसे? विषय सणासुदीला शोभणारा नाही, हे मला कळते. पण ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी विचार करायला उसंत नसते. म्हणून तो आज, सगळ्याजणी एकत्र बसलेल्या असताना, बोलून ठेवावा असे वाटले.

पूर्वी आपल्याकडे अशी ठिकाणे कोणाला माहीत नव्हती. घरात चार बायका असत, तेव्हा म्हाताऱ्या माणसाचे होऊन जाई. होऊन जाई म्हणजे त्या चौघींतल्या एकीच्या अंगावर ते सगळे पडे, हेही खरेच. आता डोळखांबची मुले पहाटे उठून आसनगावची गाडी गाठतात. सुनाही कामावर जातात. भाताची लावणी आली की घरी थांबायला कोणी उरत नाही. उलट आपल्याच भागातल्या कितीतरी मुली कल्याण-ठाण्याला आजाऱ्यांजवळ आया म्हणून राहतात. भातसा-तानसाचे पाणी जसे मुंबईला जाते, तशी आपल्या लेकींची सेवाही तिकडे जाते. तेव्हा हा विषय आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू आहे.

माझ्या थोरल्या वन्संना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही अडखळू लागली. आपल्या आरोग्य केंद्रातून शहापूरला, तेथून पुढे मोठ्या इस्पितळात, असे सर्व यथासांग झाले. बारा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "जिवाचा धोका टळला. आता व्यायाम करून घ्या. पहिले तीन-चार महिने फार मोलाचे आहेत." पण व्यायाम शिकवणारे माणूस रोज डोळखांबला येणार कोठून? त्यातून आमचे न्हाणीघर अंगणापलीकडे, आणि घरात आम्ही दोघेच. त्यांना आम्हांला उचलतासुद्धा येईना. म्हणून तीन महिन्यांसाठी त्यांना कोठे ठेवता येईल ते पाहायला मी आणि माझा भाचा निघालो. आम्ही चार ठिकाणे पाहिली. त्यांची नावे मी सांगणार नाही, कारण माणसे बदलली की ठिकाणेही बदलतात. पण पाहावे काय, ते सांगते.

पहिल्या ठिकाणी कचेरीत वातानुकूलन होते, भिंतीवर देवाची मोठी तसबीर होती, आणि व्यवस्थापकांनी चहा देऊन छापील माहितीपत्रक पुढे ठेवले. मी म्हटले, "खोल्या पाहू द्या." ते म्हणाले, "सकाळी अकरा ते बारा या वेळात या." भगिनींनो, ज्या घरात पाहुण्याला फक्त एकच तास आत सोडतात, त्या घरात बाकीच्या तेवीस तासांत काय चालते, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. म्हणून पहिली गोष्ट ही, की न कळवता जावे आणि जेवणाच्या वेळी जावे. शक्य असेल तर एकदा रात्रीही जावे. दिवसा दहा माणसे कामावर दिसतात. रात्री तीस रुग्णांना एकच आया असेल, तर कोणाला पाणी मिळायचे आणि कोणाला नाही?

दुसरी गोष्ट नाकाने कळते. एखाद्या अंथरुणाला वास आला तर नुकतेच काही झाले असेल असे समजावे. पण सबंध दालनाला लघवीचा वास येत असेल, तर तेथे माणसे ओल्यात पडून राहतात. आणि फिनेलचा वास डोळ्यांत पाणी येण्याइतका असेल, तर तो कशावर झाकण घालतो आहे तेही पाहावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे कातडी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनी क्रिमियन युद्धात १८५४ ते १८५६ या काळात जखमी शिपायांची शुश्रूषा केली आणि पुढे शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. अंथरुणात पडून पाठीला जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असे त्यांचे मत होते. आजही ही कसोटी उपयोगी पडते. एकाच कुशीवर पडून राहिल्याने माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर दाब येतो, तेथले रक्त थांबते आणि मांस मरू लागते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आधी तेथे लाली येते आणि बोटाने दाबली तरी ती जात नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून पाहावे. ती जागा गरम, घट्ट किंवा दुखरी लागेल. रुग्णाला भेटायला गेलात तर डोक्यावर हात फिरवा, पण टाच आणि पाठही पाहा. अतिशय खंगलेल्या माणसाला सर्व काळजी घेऊनही जखम होऊ शकते, हे मी मान्य करते. म्हणून विचारायचे ते असे, की जखम केव्हा दिसली, कोणी लिहून ठेवली, आणि त्यानंतर काय केले? ज्यांनी पाहिलेच नाही त्यांच्याकडे याचे उत्तर नसते.

चौथी गोष्ट पाणी आणि घास. पेला हाताशी आहे की भिंतीकडे सरकवून ठेवला आहे? उजवी बाजू गेलेल्या बाईच्या उजव्या अंगाला पेला ठेवणे म्हणजे न ठेवल्यासारखेच. जेवण भरवताना माणसाला नीट बसवतात की आडवेच ठेवून तोंडात घास कोंबतात? अर्धांगवायूनंतर गिळण्याची ताकद कमी होते, घास श्वासनलिकेत जातो आणि फुप्फुसाचा विकार जडतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. आणि जेवण कोणते? आमच्या वन्संना तांदळाची भाकरी लागे. चांगल्या ठिकाणी ती कालवणात कुस्करून मऊ करून देत. हा लाड नव्हे. जन्मभर जे खाल्ले ते माणूस आजारातही दोन घास जास्त खाते.

पाचवी गोष्ट सांगताना मला अजूनही जड जाते. दुसऱ्या ठिकाणी एका आजींचे दोन्ही हात ओढणीच्या पट्टीने पलंगाला बांधलेले मी पाहिले. विचारले तर म्हणाले, "नळी ओढतात." त्या दालनात बहुतेक सगळ्यांना लघवीची नळी होती आणि भर दुपारी सगळे गुंगीत होते. नळी काही वेळा लागतेच, पण ती जितके दिवस राहील तितकी जंतू शिरण्याची भीती वाढते. म्हणून विचारावे, नळी कशासाठी आणि केव्हा काढणार? गुंगीची गोळी कोणी लिहून दिली आणि कशासाठी? रुग्णाच्या भल्यासाठी की आयांची संख्या कमी म्हणून? अमेरिकेत १९८७ साली कायदाच झाला, की केवळ सोयीसाठी रुग्णाला बांधून किंवा औषधाने जखडून ठेवता येणार नाही. माणसाचा मान हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

सहावी गोष्ट अशी, की तेथे माणसाला उठवतात की नुसते सांभाळतात? मुंबईला हाजीअलीजवळ १९५५ सालापासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसन यांची केंद्र सरकारची संस्था आहे. पुनर्वसन म्हणजे गेलेली शक्ती जमेल तेवढी परत मिळवणे, आणि उरलेल्या शक्तीत आपले रोजचे व्यवहार पुन्हा करायला शिकणे. म्हणून विचारावे, "आमच्या बाईंना महिन्याभरात काय करता यावे असे तुम्ही ठरवले आहे?" आम्ही निवडलेल्या चौथ्या ठिकाणी छप्पर पत्र्याचे होते, पण भिंतीला हाताशी येईल असा लोखंडी पाइप सबंध लांबीभर बसवला होता. तेथल्या शिक्षिकेने वन्संनाच विचारले, "घरी गेल्यावर तुम्हांला काय करावेसे वाटते?" वन्सं अडखळत म्हणाल्या, "न्हाणीत... आपली आपण." तिने तेच वहीत लिहिले आणि पुढचा सगळा व्यायाम त्याच दिशेने चालवला. उठवताना दुखऱ्या हाताला ओढायचे नाही, नाही तर खांदा निखळतो, हे तिने आम्हांलाही करून दाखवले. जेथे घरच्या माणसांना शिकवतात, तेथे लपवण्यासारखे फार काही नसते.

सातवी गोष्ट आयांविषयी. तेथे काम करणाऱ्या मुलींना रुग्णांची नावे ठाऊक आहेत का? वन्संना नुसते "चार नंबर" म्हटले असते तर मी तेथून उठलेच असते. पण त्या मुलींनाही विचारावे की बाई, तू येथे किती दिवस आहेस, पाळी किती तासांची, पगार वेळेवर मिळतो का? सलग चोवीस तास राबणाऱ्या मुलीच्या हातून हळुवारपणा होणार कसा? त्या मुली आपल्याच घरच्या आहेत. त्यांचे हाल होतात तेथे रुग्णांचेही होतात.

आता कागदांचे सांगते. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे, आणि नोंदणीचा दाखला दिसेल अशा जागी लावलाच पाहिजे, असे तो सांगतो. २०२१ साली राज्याने नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही लावायचे आहे. दाखल्याची मुदत वाचावी. काही ठिकाणे नुसता वृद्धाश्रम असून पाटीवर मात्र 'केअर सेंटर' लिहितात. तेथे परिचारिका किती, डॉक्टर केव्हा येतात, रात्री प्रकृती बिघडली तर कोठे नेणार, हे स्पष्ट विचारावे. महिन्याच्या आकारात औषधे, लंगोट, व्यायाम धरले आहेत की निराळे, ते लेखी घ्यावे. साथीची काळजीही विचारावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातल्या सोरगावच्या वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना करोनाची बाधा झाली होती. जेथे पलंगाला पलंग लागून असतो तेथे साथ पसरायला वेळ लागत नाही.

अमेरिकेत सरकार २००८ पासून अशा ठिकाणांना एक ते पाच तारे देते. पण किती माणसे कामावर आहेत हे आधी ती ठिकाणे स्वतःच कळवीत. २०१८ पासून तारे देताना पगारपत्रकावरून मोजणी होऊ लागली. आणि तारे पाहिले तरी स्वतः जाऊन पाहा, असेच तेथेही सांगतात. आपल्याला तर अजून ताऱ्यांचाही आधार नाही. तेव्हा आपले डोळे आणि आपला प्रश्न हाच आधार.

कोणी म्हणेल, ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांचे हे झाले, गरिबाने काय करावे? हा प्रश्न अगदी रास्त आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेला एक तरी आश्रम सरकारने टप्प्याटप्प्याने उभा करावा, असे म्हटले आहे. मुले सांभाळीत नसतील तर त्याच कायद्याने न्यायाधिकरणाकडे पोटगीचा अर्ज करता येतो. वृद्धांसाठी १४५६७ हा फुकट दूरध्वनी क्रमांक आहे, तो प्रत्येकीने घरात लिहून ठेवावा. आणि जेथे फी कमी आहे, किंवा मुळीच नाही, तेथेही पाठ, पेला आणि हात पाहण्याचा आपला हक्क कमी होत नाही.

वन्सं तीन महिन्यांनी घरी आल्या. उजवा हात अजून पुरता चालत नाही, बोलणेही सावकाश आहे. पण चौपायी काठी धरून त्या न्हाणीपर्यंत आपल्या आपण जातात. तेथे असताना एकदा त्यांनी मला विचारले होते, "मला येथे टाकून तर नाही ना गेलात?" मी दर चार दिवसांनी जात असे, तरी त्यांना तसे वाटले. मग ज्यांच्याकडे महिनोन्महिने कोणी फिरकत नाही त्यांना काय वाटत असेल? शिवाय ज्या रुग्णाला भेटायला माणूस येते, त्याच्याकडे आयाही अधिक लक्ष देते, हे मी तेथे रोज पाहिले.

म्हणून मंडळापुढे माझी एकच सूचना आहे. डोळखांब आणि आसपासच्या पाड्यांतली जी माणसे अशा ठिकाणी असतील, त्यांची यादी आपण करावी आणि दर महिन्याला पाळीपाळीने दोघीजणींनी त्यांना भेटून यावे. गाडीभाडे मंडळाच्या निधीतून द्यावे. जाताना भाकरी न्यावी, गावची खबर न्यावी, आणि येताना टाच पाहून यावी. पुढच्या वर्धापनदिनी, किती जणींना भेटलो आणि काय पाहिले, एवढा अहवाल येथे वाचला जावा. पहिल्या पाळीत माझे नाव लिहून घ्या. दुसरे नाव आज सभा उठण्याआधी मिळावे, एवढी विनंती करून मी माझे बोलणे संपवते.