शिकता शिकता कमाई : पालक व विद्यार्थ्यांशी दोन शब्द
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





दहावीची परीक्षा संपली की एप्रिल महिन्यात शिक्षकाच्या घरी पालकांची ये-जा वाढते. बोलणे साधारण एकाच वळणाचे असते. "सर, पोरगा दिवसभर मोबाईल घेऊन बसतो. दोन-चार तासांचे कुठे काम मिळाले तर बघा. त्याचा वेळ जाईल, घराला चार पैशांचा हातभार लागेल." या मागणीत गैर काहीच नाही. परंतु ती पूर्ण करायची कशी, आणि ती करताना मुलाचे शिक्षण कसे सांभाळायचे, हाच आज माझ्या बोलण्याचा विषय आहे.

या बाबतीत आपल्या समाजात दोन टोकांचे विचार दिसतात. काही घरांत मुलाने दुकानात उभे राहणे हा खानदानाचा कमीपणा समजतात. मुलगा वीस वर्षांचा झाला तरी त्याला दहा रुपये कसे मिळतात हे ठाऊक नसते. काही घरांत याच्या नेमके उलट घडते. नववीतला मुलगा सुट्टीत गॅरेजवर जातो, पहिल्या महिन्याचे पैसे घरात येतात, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागू लागते. पहिला मुलगा अपंग न होता पंगू राहतो आणि दुसऱ्याच्या पायात आयुष्यभराची बेडी पडते. आपल्याला या दोहोंच्या मधला रस्ता हवा आहे.

हा रस्ता नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, श्रम करीत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांच्यामुळे पोहोचले. आज पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ही योजना त्यांच्याच नावाने चालते. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे उदाहरणही आपल्या परिचयाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले. ते गोळा करण्याच्या कामी लहानग्या कलामांनी आपल्या चुलतभावाला मदत केली आणि आयुष्यातली पहिली कमाई केली. परंतु या गोष्टीचा पुढचा भाग आपण विसरतो. त्या कमाईपायी त्यांची शाळा सुटली नाही. पुढे मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या बहिणीने आपले सोन्याचे दागिने गहाण ठेवले. त्या घराने कमाईला मान दिला, पण शिक्षणाला त्याहून वरचे स्थान दिले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण काळ बदललेला आहे. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ चा असून २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या स्वतःच्या, धोका नसलेल्या व्यवसायात मदत करण्यापुरती सवलत आहे. कुटुंब म्हणजे आईवडील, भाऊबहीण, चाचा-फूफी आणि मामू-खाला. शेजारच्या ओळखीच्या माणसाचे दुकान त्यात बसत नाही. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना काम करता येते. मात्र खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि घातक प्रक्रिया यांत नाही. सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. तीन तासांनंतर एक तास विश्रांती द्यावी लागते आणि विश्रांती धरून सारा वेळ सहा तासांच्या वर जाता कामा नये. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम घ्यायचे नाही, जादा तास घ्यायचे नाहीत, एकाच दिवशी दोन ठिकाणी राबवायचे नाही, आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी द्यायची. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २० हजारांपासून ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या नियमांचा अर्थ वेळापत्रकावर ताडून पाहा. शाळा पाच वाजता सुटत असेल तर सातपर्यंत जेमतेम दीड-दोन तास उरतात. त्यात घरी येणे, खाणे, जाणे आले. म्हणजे दुपारच्या शाळेतल्या मुलासाठी रोजचे काम जवळपास अशक्य आहे. त्याच्यासाठी रविवार, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना हाच खरा हंगाम. ज्याचे कनिष्ठ महाविद्यालय सकाळचे आहे, त्याला मात्र दुपारी तीन तास मोकळे मिळू शकतात. काम शोधण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा. पुष्कळ घरांतले वादविवाद एवढ्यानेच मिटतील.

दुसरा हिशेब पैशांचा. मुलाला कामाला पाठवण्यापूर्वी त्याच्या हक्काची शिष्यवृत्ती घेतली आहे काय, हे पाहा. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. महिना हजार रुपये घरबसल्या मिळवून देणारी ही परीक्षा आहे. तिच्यासाठी केलेला दोन महिन्यांचा अभ्यास हेही एक कामच आहे, आणि त्याची मजुरी चार वर्षे मिळते.

आता कामाच्या बाजाराकडे वळू. आज एका दुकानात एक जागा निघाली तर पदवीधर तरुणही रांगेत असतो. त्याला दिवसभराचा वेळ आहे, तुमच्या मुलाला तीन तासांचा. मग मालकाने तुमच्या मुलाला का घ्यावे? याचे उत्तर स्पर्धेत नव्हे, जागा निवडण्यात आहे. पदवीधर जेथे अर्ज करतो तेथे पंधरा वर्षांच्या मुलाने जाऊ नये. ज्या कामाला पूर्ण वेळचा माणूस परवडत नाही, तेथे त्याला जागा आहे. जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानात गर्दी उसळते ती तीन आठवड्यांची. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरताना फळे निवडायला, पेंढा लावायला हात कमी पडतात. रमजानमध्ये शिंप्याकडे काजे-बटणाचे काम साचते. रजिस्टर लिहिणे, मालाची मोजदाद करणे, वयस्कर दुकानदाराला मोबाईलवरून मालाची मागणी नोंदवून देणे, पहिली-दुसरीच्या मुलांचा अभ्यास घेणे, ही सारी तासा-दोन तासांची कामे आहेत. त्यांची जाहिरात कोठेही येत नाही. ती विचारल्यावरच कळतात.

विचारायचे कसे? मित्रांनो, हे तुमच्यासाठी. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मालकापुढे उभे राहू नका. सकाळी दुकान लावून झाले की जा. सलाम-नमस्कार करा, नाव, इयत्ता आणि कोणाचे कोण हे सांगा. मग तीन गोष्टी स्पष्ट बोला : मला काय येते, मी कोणत्या दिवशी किती वाजता येऊ शकतो, आणि परीक्षेच्या काळात मी येणार नाही. शेवटची गोष्ट लपवू नका. मालकाला पुढे अडचण होण्यापेक्षा आज कळलेले बरे वाटते. या तीन ओळी, शाळेचे नाव आणि वडिलांचा फोन क्रमांक एका कागदावर सुवाच्य लिहून त्यांच्याकडे ठेवा. दहा ठिकाणी विचाराल तेव्हा आठ-नऊ ठिकाणी नकार मिळेल. नकार म्हणजे अपमान नव्हे. "ठीक आहे चाचा, गरज लागली तर कळवा," असे म्हणून हसत निघा. महिन्याभराने तोच माणूस तुमची आठवण काढील.

पालकांना माझी विनंती आहे की पहिल्या दिवशी मुलाबरोबर जा, जागा पाहा, मालकाशी बोला, पण मागणी मुलालाच करू द्या. आपण बोललो तर नोकरी आपल्याला मिळते, त्याला नव्हे.

मजुरी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. "बघू, देऊ काहीतरी" या शब्दांवर काम सुरू करू नये. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी ही शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो; ती आपल्या गल्ल्यावरही पाळली पाहिजे. दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतःच्या नावाचे बचत खाते उघडून ते चालवता येते. मिळालेले पैसे तेथे जाऊ द्या. घराला गरज असेल तर काही भाग जरूर घ्या, परंतु मुलाला विचारून आणि हिशेब सांगून. सगळेच पैसे काढून घेतले तर त्याला कमाईची गोडी लागत नाही, आणि सगळेच त्याच्या हातात दिले तर खर्चाची लागते.

तीन ठिकाणी मात्र सावध राहा. कामाच्या आधी नोंदणी, गणवेश वा अनामत म्हणून पैसे मागणारा माणूस काम देत नसतो, तो पैसे घेत असतो. मोबाईलवर घरबसल्या हजारो रुपयांची आमिषे येतात, ती बहुतेक याच जातीची. दुसरे, मोटरसायकलवरून पार्सल पोचवण्याचे काम. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षांनंतरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. तिसरे, "दहावीचे काय घेऊन बसलात, पोराला आखातात पाठवा," असे सांगणारा हितचिंतक. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर परवानगीची अट लागते. आखाती देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्याला सरकारी कचेरीची मंजुरी घ्यावी लागते, आणि दलालाच्या हाती दोर जातो तो येथेच. दहावीचे प्रमाणपत्र हा दोर तोडते.

मुलींविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. शिवण, मेंदी, लहान मुलांची शिकवणी ही कामे त्या करतातच. मात्र त्यांच्या कामाला आपण "मदत" म्हणतो आणि मुलाच्या कामाला "कमाई". तिचेही खाते उघडा. शासनमान्य संगणक टंकलेखनाची परीक्षा तिला देऊ द्या. उद्या कार्यालयात जागा निघाली तर ते प्रमाणपत्र तिच्या हाती असेल.

काम केव्हा थांबवायचे, हेही आधीच ठरवा. हजेरी घसरली, चाचणीत गुण उतरले, मुलगा वर्गात पेंगू लागला, तर त्याच आठवड्यात काम बंद. हा शब्द मुलाकडून आणि मालकाकडूनही घ्या. मालक चांगला असेल तर तोच सांगेल की परीक्षा देऊन ये, जागा तुझीच आहे.

शेवटी, या सभागृहात बसलेल्या दुकानदार व व्यावसायिक बंधूंना एक मागणे. आपण संस्थेला देणगी देता, त्याबद्दल समाज आपला ऋणी आहे. या वर्षी देणगीबरोबर सुट्टीतली तीन तासांची एक जागा द्या. शाळेच्या कार्यालयात एक वही ठेवता येईल. डाव्या पानावर जागा, उजव्या पानावर विद्यार्थी, आणि मध्ये वर्गशिक्षकाची सही. खर्च एका वहीचा आहे. ती भरली तर पुढच्या एप्रिलमध्ये माझ्या दारात येणाऱ्या पालकाला मी रिकाम्या हाती परत पाठवणार नाही, आणि जूनमध्ये त्याचा मुलगा वर्गात आपल्या बाकावर बसलेला असेल.