जांघेतला गोळा

मंडळी, आज जरा लाजेच्या दुखण्याविषयी बोलायचे आहे. अंतर्गळाविषयी. जांघेत गोळा येतो. खोकले, ओझे उचलले की तो फुगतो. आडवे झाले की आत जातो. पुष्कळ गडी हे दुखणे वर्षानुवर्षे धोतराआड लपवतात. बायकोलादेखील सांगत नाहीत.

हा गोळा कशाचा? पोटाला स्नायूंची भिंत असते. जांघेपाशी ती नाजूक असते. तिथे फट पडली की पोटातला पातळ पडदा पिशवीसारखा बाहेर येतो. त्या पिशवीत बहुधा आतडे नाहीतर चरबी उतरते. पण कधी भलतेच निघते. पोटात उजवीकडे खाली, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, करंगळीसारखी एक शेपटी असते. तिला अपेंडिक्स म्हणतात. शंभर अंतर्गळांत एखाद्यात ही शेपटी सापडते. म्हणून हा प्रकार बहुतेक उजव्या जांघेतच दिसतो.

या प्रकाराला क्लॉडियस ॲम्यांड याचे नाव दिले आहे. हा इंग्लंडच्या राजाचा शस्त्रवैद्य. १७३५ सालच्या डिसेंबरात लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळात त्याने ११ वर्षांच्या एका मुलावर शस्त्रक्रिया केली. मुलाला लहानपणापासून अंतर्गळ. त्यात जांघेजवळ जखम होऊन ती वाहत होती. ॲम्यांडने पिशवी उघडली, तो आत अपेंडिक्स! तिला भोक पडलेले, आणि भोक कशाने पडले, तर टाचणीने. पोराने ती कधीतरी गिळली होती. टाचणीवर खडा साचला होता.

भूल द्यायची विद्या तेव्हा नव्हती. ईथरची भूल जगापुढे आली १८४६ साली. सुमारे अर्धा तास ते पोर शुद्धीवर राहून सोसत होते. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. पण पोर वाचले. अपेंडिक्स कापून काढल्यावर रोगी जगला, याची ही पहिली माहीत असलेली नोंद.

आता तसे सोसावे लागत नाही. भूल देतात. अपेंडिक्स निरोगी असली तर डॉक्टर बहुधा ती तशीच आत सरकवतात आणि भिंतीला जाळी लावून फट बुजवतात. मच्छरदाणीच्या कापडासारखी बारीक जाळी असते ती. अपेंडिक्स सुजलेली, पिकलेली असली तर काढून टाकतात. मग जाळी सहसा लावत नाहीत. पू झालेल्या जागी परकी वस्तू ठेवली तर तिलाही पू धरतो. अशा वेळी नुसते टाके घालून फट शिवतात.

आत काय अडकले आहे हे बाहेरून हाताला कळत नाही. पुष्कळदा डॉक्टरलाही पिशवी उघडल्यावरच कळते. आमच्या आळीतल्या एकाचा गोळा आत जाईना. त्याने दोन दिवस तेल लावून तो चोळला, दाबला. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा जीपमधून नेला. वाचला, पण हातभर आतडे काढावे लागले.

गोळा कडक झाला, दुखू लागला, निजल्यावरही आत जाईना, तर तो चोळू नका, शेकू नका, ढकलू नका. रात्र असली तरी थांबू नका. शस्त्रक्रिया होते अशा दवाखान्यात तडक न्या. वाटेत चहासुद्धा पाजू नका. पोट रिकामे असले म्हणजे भूल देणे सोपे जाते.