दुखापतीतला खुराक



कुस्तीवर व्याख्यान आहे असं कळलं की माणसं डावपेच आणि जुन्या गाजलेल्या लढती ऐकायच्या तयारीनं येतात. मी मात्र आज त्या पैलवानाबद्दल बोलणार आहे, जो सध्या लढू शकत नाही. त्याच्या गुडघ्याला पट्टा आहे, काखेत कुबडी आहे, तालमीच्या माडीवर तो पडून आहे आणि खाली हौद्यात चाललेली मेहनत नुसती कानांनी ऐकतो आहे. अशा खेळाडूंवर उपचार करणं हेच माझं काम. माझा अनुभव असा, की गुडघ्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा नीट होतं. बिघडतं ते पुढच्या महिन्यांत, आणि ताटावर बिघडतं.

कुस्तीत गुडघा गेला म्हणजे अनेकदा आतलं पुढचं लिगामेंट तुटलेलं असतं. सगळे त्याला एसीएल म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा झोंबी खेळायला निदान नऊ महिने थांबावं, असं आज जगभरातले तज्ज्ञ सांगतात. नऊ महिने म्हणजे जत्रांचा एक अख्खा हंगाम. हेलसिंकीला 1952 साली कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव पुढच्या, 1956 च्या ऑलिंपिकला जाऊ शकले नाहीत, त्यालाही गुडघ्याची दुखापतच कारण झाली. त्या काळी असं ऑपरेशन सर्रास होत नव्हतं. आज ते आहे, म्हणून तर परत येणाऱ्या पोराचं शरीर कसं असेल याची चिंता आपण करायला हवी.

आधी खुराकाचा हिशेब मांडू. पहाटे चारला उठायचं, जोर, बैठका, सपाट्या मारायच्या, दोर चढायचा, संध्याकाळी जोडीदाराशी लढायचं. एवढ्या मेहनतीला पोसणारा खुराक आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ठरलेला आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. तालमीत कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून थंडाई होते. घरून तुपाचा डबा येतो. समजा, एखादा पोरगा दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध, शंभर ग्रॅम बदाम आणि शंभर ग्रॅम तूप घेतो. दुधाचे दोन हजारांच्या वर, बदामाचे सहाशे आणि तुपाचे नऊशे, असे साधारण साडेतीन हजार उष्मांक भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आतच पोटात गेले. भाकरी, मटण, भात त्याच्या पुढे. मेहनत चालू आहे तोवर यात काही चूक नाही. हा खुराक त्या मेहनतीसाठीच बेतलेला आहे.

मग एक दिवस मेहनत थांबते. सगळ्यांना वाटतं, हालचाल कमी झाली की भूकही आपोआप कमी होईल. ती होत नाही. याचा एक जुना आणि गाजलेला अभ्यास आपल्याच देशातला आहे. संशोधक ज्याँ मेयर आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी कलकत्त्याजवळच्या एका ज्यूट गिरणीतल्या 213 कामगारांचं खाणं, काम आणि वजन तपासलं आणि 1956 साली ते प्रसिद्ध केलं. हलकं काम करणाऱ्यापासून अवजड काम करणाऱ्यापर्यंत जसजसं काम वाढत गेलं, तसतसं खाणंही वाढलेलं दिसलं. पण जे अगदीच बैठे होते, त्यांचं खाणं कमी नव्हतं. ते अवजड काम करणाऱ्यांच्या तोडीस तोड जेवत होते आणि वजनानं त्यांच्याहून भारी होते. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे शंका घेतल्या गेल्या, पण मुख्य गोष्ट नंतरच्या प्रयोगांतही दिसली. हालचाल एकदम थांबली, तरी भूक तिच्या मागोमाग खाली येत नाही.

म्हणून जखमी पोराला भूक लागते तेव्हा त्याला खादाड म्हणू नका. त्याचं शरीर जुन्या वेळापत्रकावर चाललेलं असतं. संध्याकाळी पाचला, लंगोट चढवायच्या वेळेला, त्याच्या पोटात खड्डा पडतोच. त्यात दिवसभर पडून राहण्याचा कंटाळा, हातात मोबाईल, समोर शेंगदाण्याचा लाडू. भर म्हणून घरच्यांची माया. पोराला लागलंय म्हणून आई डिंकाचे लाडू पाठवते, मामा तुपाचा डबा धाडतो. हाड सांधायला पायाचा रस्सा हवाच, असं आजी बजावते. माया खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण जो खुराक मेहनतीत जिरत होता, तो आता पोटावर आणि कमरेवर साठतो.

दुसऱ्या बाजूचं नुकसान मला याहून मोठं वाटतं, आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. वजनगटाची धास्ती घेतलेली मुलं दुखापत झाली की जेवणच तोडतात. एक वेळ उपाशी राहायचं, मटण बंद, अंडी बंद, नुसत्या काकडीवर दिवस काढायचा. काट्यावर आकडा उतरतो आणि पोरगा खूश होतो. पण उतरलेलं वजन कशाचं असतं? पाय बांधून ठेवला की मांडीचा स्नायू किती लवकर झडतो, हे हॉलंडमधल्या संशोधकांनी निरोगी तरुणांवर मोजून पाहिलं आहे. पाय अवघे पाच दिवस बांधला, तर मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार साडेतीन टक्क्यांनी घटला. चौदा दिवस बांधला, तेव्हा आठ टक्क्यांच्या वर. ताकद तर त्याहून जास्त गेली, चौदा दिवसांत जवळजवळ पाव हिस्सा. ही मुलं पोटभर जेवत होती, आजारी नव्हती. आपला पैलवान ऑपरेशन होऊन पडलेला असतो. त्यानं वर जेवण तोडलं, तर त्याच्या मांडीचं काय होईल याचा विचार करा. शिवाय जखम भरायलाही शरीराला जादा इंधन लागतं, आणि कुबड्यांवर चालायला साध्या चालण्याच्या दुप्पटीहून अधिक शक्ती खर्च होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन उतरवायच्या भानगडीत कोणीही पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलींच्या बाबतीत तर मी हे दोनदा सांगतो. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि आता गावोगावच्या मुली आखाड्यात उतरताहेत. खर्चाच्या मानानं खाणं सतत कमी पडलं तर पाळी अनियमित होते, थांबते, हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 साली या दुखण्याची स्वतंत्र दखल घेतली. मुलीची पाळी चुकली तर ती कडक मेहनतीची खूण समजू नका. तिला डॉक्टरकडे न्या.

मग करायचं काय? खुराक बंद करायचा नाही, बदलायचा. तूप आणि साखर खाली आणायची, प्रथिनं जागच्या जागी ठेवायची. ऐंशी किलोच्या पैलवानाला या काळात दिवसाला साधारण 130 ते 160 ग्रॅम प्रथिनं हवीत. शंभर ग्रॅम तुपात उष्मांक नऊशे आणि प्रथिनं शून्य, म्हणून कात्री पहिल्यांदा तिथे लावायची. दोन चमचे तूप राहू द्या. बदाम मूठभर नकोत, दहा-बारा पुरे. दूध एक लिटर, पण तापवून, गार करून, वरची साय काढून. त्यातून पस्तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. चार अंड्यांची चोवीस. शिजवलेलं दीडशे ग्रॅम चिकन घेतलं तर चाळीसहून थोडी जास्त. वर दोन वाट्या मटकीची उसळ किंवा आमटी, चार भाकऱ्या आणि वाटीभर दही. हिशेब जुळतो. जो मांसाहार करत नाही त्यानं पनीर, सोयाबीन आणि डाळींचं प्रमाण वाढवावं. ज्याला मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे, त्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे आकडे वापरू नयेत.

आणखी एक. सगळी प्रथिनं रात्रीच्या मटणाच्या ताटातच आली तर त्यांचा पुरता उपयोग होत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशी वाटून घ्या, प्रत्येक वेळी पस्तीस-चाळीस ग्रॅम. भुकेवर सगळ्यात जास्त परिणाम या वाटणीचा होतो, हे मी मुलांमध्ये पाहत आलो आहे. ज्याच्या सकाळच्या न्याहरीत अंडी आणि उसळ असते, तो अकरा वाजता वडापावच्या गाडीकडे जात नाही. थंडाई गटागटा पिता येते, म्हणून तिनं पोट भरल्याचं समाधान मिळत नाही. तेच अन्न चावून खाल्लं तर मिळतं. पाचच्या सुमारास भूक उठते, तेव्हा ताक, भाजलेले फुटाणे, काकडी, मुळा, उकडलेलं अंडं हाताशी तयार असू द्या. भूक लागल्यावर शोधाशोध करायला गेलं की फरसाणच सापडतं.

झोपेकडे कोणी लक्ष देत नाही. शिकागोतल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक 28 टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक 24 टक्क्यांनी वाढली. जखमी पोरगा दिवसा झोपतो आणि रात्री दोनपर्यंत मोबाईल बघतो. त्याला पहाटे उठवायलाच हवं, मेहनत नसली तरी.

आणि मेहनत अगदीच नसते असंही नाही. बसून खांदे, दंड, पाठ यांचा व्यायाम होतो. मांडी आवळून धरायचा व्यायाम तर ऑपरेशननंतर लगेचच सुरू करतात. चांगल्या पायाला व्यायाम दिला तर दुखऱ्या पायाची ताकदही कमी घसरते, हे सिद्ध झालेलं आहे. मज्जासंस्था दोन्ही बाजूंना हुकूम पोहोचवते. फिजिओथेरपिस्टनं परवानगी दिली की हे सगळं तालमीतच करावं, घरी नाही. माडीवर एकट्यानं पडून राहणं हे भुकेचं मोठं कारण आहे. वस्तादांनी पोराला खाली बोलवावं, हौद्याच्या कडेला बसवावं, लहान मुलांचे डाव सुधारायला लावावेत. संध्याकाळचे दोन तास कामात गेले की खाण्याचे निम्मे प्रश्न सुटतात.

एकट्या वजनकाट्यावर मात्र विसंबू नका. स्नायू गेला आणि चरबी आली तर काटा तोच आकडा दाखवतो. शिंप्याकडे असते तशी टेप आणा. गुडघ्याच्या वाटीपासून पंधरा सेंटिमीटर वर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, आणि दर रविवारी वहीत लिहा. मांडी घटते आहे आणि कंबर वाढते आहे, तर खुराक चुकतो आहे. दोन्ही घटत असतील तर जेवण कमी पडतं आहे. जादा वजन गुडघ्याला किती महाग पडतं, तेही सांगतो. गुडघेदुखीच्या वयस्क, लठ्ठ रुग्णांवर झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी झालेला आढळला. नव्यानं शिवलेल्या गुडघ्यावर पाच-सात किलो उगाच लादणं किती घातक आहे, याचा अंदाज त्यावरून यावा.

शेवटच्या घटकेला वजन तोडून हे भरून निघेल, असं समजणाऱ्यांनी पॅरिस ऑलिंपिक आठवावं. विनेश फोगाटच्या गुडघ्यावर ऑगस्ट 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. पूर्वी 53 किलोत लढणारी ही मुलगी वर्षभरात 50 किलोच्या गटात उतरली, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली, आणि ऑगस्ट 2024 मधल्या त्या सकाळी 100 ग्रॅमनं अपात्र ठरली. रात्रभर घाम गाळूनही ते 100 ग्रॅम उतरले नाहीत. तिच्या जिद्दीपुढे माझी मान झुकते. म्हणूनच सांगतो, काट्याशी झुंज शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. दुखापतीचे रिकामे महिने यासाठीच वापरायचे असतात.

या सभागृहात वस्ताद बसले आहेत, पालक बसले आहेत. पोराचं ऑपरेशन ठरलं की सर्जनकडे आणि फिजिओकडे जाता, तसंच त्याच आठवड्यात आहारतज्ज्ञाकडेही जा, आणि त्याच्या रोजच्या खुराकाची खरी यादी तूप-लाडवांसकट त्यांच्यापुढे ठेवा. आईला सोबत न्या, कारण डबा ती भरते. आणि तालमीत एक वजनकाटा, एक टेप आणि एक वही ठेवायला उद्यापासून सुरुवात करा.