अभ्यास आणि मेंदू



‘ह्याच्या डोक्यांत तें शिरणारच नाहीं,’ असा निवाडा शाळेंत आणि घरांत आपण किती सहज देतों! त्यांतून चाळिशी उलटलेल्या माणसानें पेटी शिकूं म्हटलें, तर घरचींच माणसें हसतात. ह्या निवाड्याला एके काळीं शास्त्राचाही आधार होता. स्पेनचे विख्यात शास्त्रज्ञ रामोन इ काहाल ह्यांनीं १९१३ च्या सुमारास असें मत मांडलें होतें कीं, प्रौढ मेंदूंतील मज्जातंतूंचे मार्ग एकदां ठरले म्हणजे ठरले.

ह्या मताविरुद्ध पुढें जीं प्रमाणें मिळालीं, त्यांतलें लंडनच्या टॅक्सीवाल्यांचें मला विशेष आवडतें. तेथें परवाना हवा असेल, तर चेअरिंग क्रॉसपासून ६ मैलांच्या परिसरांतील सुमारें २५,००० रस्ते मुखोद्गत असावे लागतात. उमेदवार दुचाकीवरून गल्लीबोळ पालथे घालतो, तीन-चार वर्षें घोकतो, आणि परीक्षक सांगेल त्या दोन ठिकाणांमधला मार्ग नकाशा न पाहतां वळणावळणानें म्हणून दाखवितो. (पाठांतराची टवाळी करणाऱ्यांनीं ही परीक्षा एकदां द्यावी!) इ. स. २००० मध्यें एलेनॉर मॅग्वायर ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अशा १६ चालकांच्या मेंदूंचीं चुंबकीय चित्रें प्रसिद्ध केलीं. स्थलस्मृतीशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पस नामक भागाची पिछाडी त्यांच्यांत इतरांपेक्षां मोठी आढळली.

आतां चतुर श्रोता विचारील, तसा मेंदू घेऊन जन्मलेलेच ह्या धंद्यांत टिकत नसतील कशावरून? शंका रास्त आहे. म्हणून २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ७९ उमेदवारांचे मेंदू आरंभींच तपासून ठेवले होते. तेव्हां भेद नव्हता. पुढें ३९ जण उत्तीर्ण झाले. वाढ दिसली ती त्यांच्यांतच. त्यांनीं आठवड्याला अनुत्तीर्णांच्या जवळजवळ दुप्पट तास अभ्यास केला होता. तेवढ्यावरून अनुत्तीर्णांना आळशी ठरवूं नये. प्रपंचांतून कोणाला किती तास लाभले, हें मेंदूच्या चित्रांत उमटत नाहीं.

आणखी एक गोष्ट उत्साही मंडळी सांगत नाहींत. गुंतागुंतीची आकृति कांहीं वेळानें आठवून काढण्याच्या कसोटींत हे उत्तीर्ण चालक इतरांहून उणे पडले. एका खात्यांत जमा करतांना मेंदू दुसऱ्यांतून कांहीं काढीत असावा. माझ्याच वयाचे एक स्नेही सध्यां उर्दू लिपि शिकत आहेत, आणि बरीच प्रगति आहे. मात्र त्यासाठीं त्यांनीं संध्याकाळचा पत्त्यांचा डाव सोडला; आम्हांला चौथा भिडू अद्याप मिळालेला नाहीं.