परमुलखात वाहन बाळगताना

(नोकरी-व्यवसायानिमित्त परराज्यांत आणि परदेशी जाणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

माणूस गाव सोडतो तेव्हा घराच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे देतो, बँकेला नवा पत्ता कळवतो, शेतीवाडीची व्यवस्था भावावर सोपवतो. दाराशी उभ्या असलेल्या मोटारसायकलीचे किंवा मोटारीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या दिवसावर ढकलला जातो. वाहन हे चालते, म्हणून ते मालकाबरोबर कोठेही जाऊ शकते, असा आपला समज असतो. कायद्याची दृष्टी निराळी आहे. कायद्याच्या लेखी प्रत्येक वाहनाला एक पत्ता असतो, एक मालक असतो आणि एक ठरलेले रूप असते. ज्याला आपण अजूनही ‘आरसी बुक’ म्हणतो, त्या नोंदणी प्रमाणपत्रात या तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. परमुलखात जाणाऱ्याच्या बाबतीत नेमक्या याच तीन नोंदी वस्तुस्थितीपासून दूर जातात. त्या दूर गेल्या म्हणजे काय होते आणि त्यामुळे कोणाचे नुकसान होते, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

प्रथम पत्त्याचा विचार करू. आपल्याकडे पूर्वी १९३९ चा मोटार वाहन कायदा होता. त्याच्या जागी १९८८ चा कायदा आला आणि तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. या कायद्याने दिलेली नोंदणी भारतभर ग्राह्य असते. पुण्यात नोंदलेली मोटार बंगळूरला किंवा इंदूरला नेण्यास कोणतीही आडकाठी नाही. परंतु ती दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे त्या राज्याचा नवा क्रमांक घेणे मालकावर बंधनकारक ठरते. त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. वाहन कर्जावर घेतले असेल, तर बँकेची किंवा वित्तसंस्थेची संमती लागते. नव्या राज्याचा कर भरावा लागतो, आणि मूळ राज्यात एकरकमी भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. त्याच राज्यात नुसता पत्ता बदलला, तरीही तो तीस दिवसांच्या आत कळवावा, असे कलम ४९ सांगते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. देश एक, रस्ता एक, मग क्रमांक दोनदा का घ्यायचा? याचे उत्तर आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. मोटार वाहनांविषयी कायदा करण्याचा अधिकार समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये या दोघांकडे आहे. वाहनांवरील कर मात्र राज्यसूचीत आहे. नोंदणीचे नियम देशभर सारखे असले, तरी कराचे दर राज्याराज्यांत निराळे का, याचा उलगडा येथे होतो. ज्या राज्याचे रस्ते वाहन झिजवते, त्या राज्याला कर मिळावा, हे तत्त्व न्याय्य आहे. त्याचा भार मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसावर पडतो.

ही अडचण ओळखून केंद्र सरकारने २०२१ साली ‘बीएच’, म्हणजे भारत मालिकेचे क्रमांक सुरू केले. १५ सप्टेंबर २०२१ पासून ही व्यवस्था लागू झाली. या क्रमांकात आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग ‘बीएच’ ही अक्षरे, त्यानंतर चार अंक आणि शेवटी अक्षरे असतात. राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. केंद्रीय नियमांनी कर एकदम पंधरा वर्षांचा न घेता दोन वर्षांचा किंवा त्याच्या पटीत घेण्याची सोय केली. संरक्षण दलांतील व्यक्ती, केंद्र व राज्य सरकारांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत अथवा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ही सवलत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत बदल होऊन, आधी नोंदलेले वाहनही पात्र मालकाला या मालिकेत घेता येऊ लागले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही सवलत मोठी असली, तरी ती सर्वांपर्यंत पोहोचत नाही. स्वतःच्या मोटारसायकलीवर सुरतेला किंवा हैदराबादला जाऊन काम शोधणारा गवंडी, सुतार, वीजतंत्री किंवा लहान व्यापारी या यादीत बसत नाही. त्याच्यासाठी जुनाच मार्ग आहे. कागदपत्रांची माहिती ज्याला सर्वांत कमी, त्यालाच ती सर्वांत जास्त गोळा करावी लागतात. आपल्यापैकी जे शिकलेले आहेत, त्यांनी आपल्याबरोबर गाव सोडणाऱ्या अशा सोबत्याचा एखादा अर्ज भरून दिला, तर ती मोठी मदत होईल.

आता मालकाच्या नोंदीकडे वळू. परदेशी जाण्याची तारीख जवळ आली की मोटारसायकल विकण्याची घाई होते. ओळखीचा कोणी गिऱ्हाईक आणतो, पैसे हाती पडतात, फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करून किल्ली दिली जाते. ‘नावावर करून घेतो’, असे खरेदीदार म्हणतो आणि विक्रेता विमानात बसतो. व्यवहार संपला, असे दोघांनाही वाटते. कायद्याने तो संपलेला नसतो. वाहन त्याच राज्यात विकले असेल तर चौदा दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात विकले असेल तर पंचेचाळीस दिवसांत विक्रेत्यानेही हस्तांतराची खबर नोंदणी कार्यालयाला दिली पाहिजे, असे कलम ५० म्हणते.

ही खबर न दिल्याने काय घडते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निर्णयावरून समजून घ्यावे. मूळ मालकाने २००७ साली मोटार विकली होती. त्यानंतर ती एकामागून एक अनेक हातांत गेली. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ साली मोटार मागे घेताना अपघात झाला आणि त्यात एका मुलाचा मृत्यू ओढवला. मोटारीचा विमा नव्हता. नुकसानभरपाई कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे, तोच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मालक, आणि दायित्व त्याच्यावर आहे. ज्याचे माणूस गेले, त्याने न नोंदलेल्या विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

मित्रहो, या निर्णयातील न्याय आपण नीट लक्षात घ्यावा. विक्रेत्याला तो कठोर वाटेल. पण अपघातग्रस्ताच्या बाजूने पाहा. रस्त्यावर पडलेल्या माणसाला त्या क्षणी धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक तेवढा दिसतो. त्या क्रमांकामागे खरे नाव आणि खरा पत्ता असेल, वाहनाचा विमा चालू असेल, तर त्याच्या कुटुंबाला भरपाईचा मार्ग सापडतो. नाहीतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या नोटिसा जुन्या पत्त्यावर जाऊन परत येत राहतात आणि घरात कमावते माणूस नसलेले कुटुंब वर्षानुवर्षे वाट पाहत बसते. म्हणून जाण्यापूर्वी नुसती विक्री करून भागत नाही. नाव बदलल्याची नोंद अभिलेखात झाली आहे, हे स्वतः पाहूनच निघावे.

वाहन न विकता घरी ठेवणार असाल, तर दोन तारखा लिहून ठेवा. पहिली विम्याची. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. ही मुदत आपण परदेशी असताना सरते आणि घरातील धाकटा भाऊ तीच गाडी निर्धास्तपणे चालवीत असतो. दुसरी तारीख नोंदणीची. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे तपासणी करून तिचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते.

तिसरी गोष्ट वाहनाच्या रूपाची. तरुणांना आपली मोटारसायकल चारचौघांत उठून दिसावी असे वाटते. सायलेन्सर बदलला जातो, हँडल आणि चाके बदलली जातात, मोटारीला रुंद टायर बसतात. कलम ५२ सांगते की, उत्पादकाने मुळात ठरविलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. तथापि कायदा सरसकट दार बंद करीत नाही. मान्यताप्राप्त संच बसवून वाहन सीएनजीवर चालविणे किंवा अपंग व्यक्तीला चालविता यावे म्हणून वाहनात बदल करणे, यांना विहित रीतीने वाट ठेवलेली आहे. नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचीही नोंद असते. म्हणून रंग बदलण्यापूर्वीही चौकशी करावी.

परक्या मुलखात या फेरफाराचा त्रास दुप्पट होतो. नव्या राज्यात क्रमांक घेण्यासाठी वाहन तपासणीस उभे राहते, तेव्हा निरीक्षक कागद आणि वाहन ताडून पाहतो. गावी कोणी हरकत न घेतलेला बदल तेथे उघडा पडतो.

आपल्यापैकी काहीजण जर्मनीला जाण्याच्या तयारीत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केल्यापासून त्या देशाबद्दलची उत्सुकता वाढली आहे. तेथे हीच तीन तत्त्वे अधिक काटेकोरपणे पाळली जातात. आधी नगर कार्यालयात स्वतःचा पत्ता नोंदवावा लागतो. विमा कंपनीने हमीचा सांकेतिक क्रमांक दिल्याखेरीज वाहनाची नोंदणी होत नाही. म्हणजे विमा आधी आणि क्रमांक मागून. नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. भारतीय परवाना, त्याच्या भाषांतरासह, तेथे वास्तव्य सुरू केल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन तेथील परवाना घ्यावा लागतो. फेरफारामुळे वाहनाचा प्रकार बदलला, इतरांना धोका उत्पन्न झाला किंवा धूर वा आवाज वाढला, तर ते रस्त्यावर आणण्याची मूळ परवानगीच संपुष्टात येते.

जर्मनीच्या उदाहरणातून आपल्यालाही घेण्यासारखे काही आहे. तेथेही वाहनकर पूर्वी राज्यांकडे जात असे. २००९ साली तो संघराज्याकडे गेला. पुढे २०१५ पासून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेलेल्या माणसाला जुना क्रमांक ठेवण्याची मुभा सर्वत्र मिळाली. नवा पत्ता कळविणे मात्र सुटले नाही. क्रमांक तोच राहिला तरी चालेल, पण पत्ता खरा असला पाहिजे, हे त्यातील सूत्र आहे. आपली भारत मालिकाही त्याच दिशेने टाकलेले पाऊल आहे.

आपण बाहेर जातो, तसे बाहेरचे लोक आपल्याकडेही येतात. पुणे-चाकण परिसरातील कारखान्यांत जर्मन, जपानी आणि कोरियन अभियंते काम करतात. वाहनाचा मालक भारतीय नागरिकच असावा, अशी अट आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. वैध पारपत्र, व्हिसा आणि येथील निवासाचा पुरावा असेल, तर परदेशी माणूसही स्वतःच्या नावावर वाहन नोंदवू शकतो. पुष्कळदा मात्र ‘कशाला त्रास’ म्हणून घरमालकाच्या किंवा सहकाऱ्याच्या नावावर गाडी घेतली जाते. हा उपकार दोघांनाही महाग पडू शकतो. गाडी पाहुणा चालवितो आणि दायित्व नावाच्या धन्यावर येते. आपला परदेशी सहकारी अशी विनंती करील, तर त्याला आपले नाव न देता आपला अर्धा दिवस द्यावा आणि परिवहन कार्यालयाची वाट दाखवावी.

शेवटी एवढेच सांगतो. निघण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र हातात घ्या आणि तीन प्रश्न विचारा. यातील पत्ता आजचा आहे का? यातील नाव खऱ्या धन्याचे आहे का? यात वर्णिलेले वाहन आणि दाराशी उभे असलेले वाहन एकच आहे का? एकाही प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर प्रवासाच्या सामानाआधी ते काम उरकून घ्या. आपण हजार मैलांवर असताना आपल्या नावाचा क्रमांक या रस्त्यांवर फिरत राहणार आहे. त्याच्यामुळे कोणी जखमी झाले, तर त्या अनोळखी माणसाला न्याय मिळण्याची वाट आपल्या या नोंदीपासूनच सुरू होते.